मधुमेह : बियाणे वडिलांचे, मशागत आपली



भाताच्या जाती, खतांच्या मात्रा आणि तणनियंत्रण यांवर लिहिणाऱ्या कृषिविद्येच्या व्याख्यात्याने मधुमेहावर का लिहावे, असा प्रश्न आपणास पडेल. त्याचे कारण असे की, पेण व रोहा तालुक्यांत शिवारफेरीच्या वेळी भातावरची चर्चा संपली की कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतो, "सर, आमच्या बाबांना शुगर होती. मलाही होणार का? पण मी तर असा काटकुळा!" हा प्रश्न माझ्या घरचाही आहे.

आमचे वडील रोहा तालुक्यात कुंडलिकेच्या कालव्यावर भाताची दोन पिके घेत. अंगाने अगदी सडसडीत. पुढे बैल विकले, पॉवर टिलर आला, मग गुडघे दुखू लागले म्हणून शेती खंडाने दिली. कष्ट थांबले, पण ताटातला भात नांगर धरणाऱ्या गड्याचाच राहिला. एका पावसाळ्यात बांधावर पायाच्या अंगठ्याला जखम झाली. ती महिनाभर भरेना, तेव्हा रक्त तपासले. उपाशीपोटी साखर २४८ निघाली. "एवढ्या बारीक माणसाला मधुमेह कसा?" असे घरात सर्वजण म्हणत राहिलो. शेवटी तो अंगठा काढावा लागला. बारीक अंगाच्या भरवशावर आम्ही कित्येक वर्षे तपासणी केली नव्हती. ही चूक आपल्या घरी होऊ नये, यासाठी हा लेख.

आनुवंशिकता म्हणजे काय?

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, पण त्याचा प्रभाव पडत नाही आणि हळूहळू ते अपुरेही पडते. प्रौढ वयात दिसणारा मधुमेह बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचा असतो. या लेखात त्याचाच विचार केला आहे.

दुसऱ्या प्रकारचा मधुमेह घराण्यात चालतो हे खरे आहे. आई किंवा वडील यांपैकी एकास तो असल्यास मुलास आयुष्यात केव्हातरी होण्याची शक्यता साधारणपणे ४० टक्के आणि दोघांनाही असल्यास ७० टक्क्यांच्या आसपास धरली जाते. मात्र त्याचे एकच एक जनुक नाही. शेकडो ठिकाणचे लहान लहान फरक एकत्र येऊन ही प्रवृत्ती बनते.

भाताचे उदाहरण घ्या. एखादी जात करप्याला लवकर बळी पडणारी असते. हा तिच्या बियाण्यातला गुण झाला. पण म्हणून दरवर्षी प्रत्येक खाचरात करपा येतोच असे नाही. दमट, ढगाळ हवा असली आणि आपण युरियाची मात्रा वाजवीपेक्षा जास्त दिली की तो बळावतो. तेच बियाणे, पण नत्र बेताने आणि विभागून दिले तर पीक हाती लागते. मधुमेहाचेही तसेच. बियाणे आईवडिलांकडून आले, ते बदलता येत नाही. मशागत मात्र आपल्या हाती आहे.

बारीक अंगातील लपलेली चरबी

"जाड माणसाला मधुमेह होतो" हा समज अर्धाच खरा आहे. याबाबतीत आपल्या महाराष्ट्रात झालेले काम जगात मान्यता पावले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांनी सन २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही वजन-उंची निर्देशांक सारखाच, म्हणजे २२.३ होता. (किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो.) पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. काटा दोघांना सारखे म्हणत होता, शरीरे मात्र वेगळी होती.

या फरकाची संभाव्य कारणेही त्यांनी तेथेच मांडली. डॉ. युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर डॉ. याज्ञिक यांनी आपला व्यायाम रुग्णालयातील लिफ्ट पकडण्यापुरता असल्याचे विनोदाने नमूद केले. दुसरे म्हणजे डॉ. याज्ञिक यांचे जन्माच्या वेळचे वजन कमी होते. आनुवंशिकतेचा वाटा किती, हे मात्र त्यांनी पुढील संशोधनावर सोडले.

जन्मापासूनच हा फरक असतो का, हे पाहण्यासाठी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सन १९९३ पासून गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला होता. या शेतकरी कुटुंबांतील बाळांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बाळांशी केली. आपल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तेथील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लांबी, पोट, हातापायांचे स्नायू अशा सर्वच बाबतीत लहान होती. मात्र पाठीवरील त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ हडकुळे, पण चरबी राखून असलेले. याला 'बारीक पण चरबीयुक्त' शरीर असे म्हणता येईल. वडिलांच्या बाबतीत आम्ही फसलो ते याच ठिकाणी.

चरबी कोठे साठते ते महत्त्वाचे

कणगीत मावेल तेवढे भात सुरक्षित राहते. कणगी भरली की उरलेले भात पडवीत, ओटीवर, जागा मिळेल तेथे टाकावे लागते आणि तेथे ते ओल धरते. शरीराची कणगी म्हणजे त्वचेखालचा चरबीचा थर. प्रत्येकाची कणगी सारख्या मापाची नसते. ज्यांची लहान, त्यांची थोडीशी जास्त चरबीही पोटाच्या आत, यकृतात आणि स्वादुपिंडात साठू लागते. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनला दाद देत नाही आणि उपाशीपोटीही रक्तात साखर सोडत राहते. स्वादुपिंडात साठली की इन्सुलिन तयार करण्याची क्षमता घटते. म्हणून हात-पाय काड्यांसारखे, पण पोट पुढे आलेले असेल तर स्वतःला बारीक समजू नये. अशा माणसाला वजनकाट्यापेक्षा शिंप्याची फीत जास्त खरे सांगते.

कष्ट थांबले की काय होते?

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतो आणि चांगल्या श्रमाचा हा परिणाम पुढे साधारणपणे एक ते दोन दिवस टिकतो. जन्मतः स्नायू कमी आणि त्यातून काम बंद, म्हणजे गिऱ्हाईकच कमी झाले. मग साखर रक्तातच राहते.

आपल्या भागात हे कसे घडते ते पहा. खारेपाटात व वरकस भागात भाताचे एकच पीक. लावणीला आणि कापणी-झोडणीला अंग मोडेपर्यंत काम, मधल्या काळात बरेचसे बसून. नांगरणी यंत्राने, मळणी यंत्राने, शेतावर जाणे मोटारसायकलने. घरातील तरुण कारखान्यात पाळीवर किंवा गणपतीच्या कारखान्यात दिवसभर बैठ्या कामावर. यंत्रे येणे वाईट नाही, त्यांनी कंबरडे वाचवले आहे. पण यंत्राने वाचवलेले श्रम शरीराच्या हिशेबातून वजा झाले, हे विसरू नये.

हा शहरी आजार आहे असे म्हणून स्वस्थ बसता येणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागात मधुमेहाचे प्रमाण ८.९ टक्के, तर शहरी भागात १६.४ टक्के आढळले. मात्र मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांच्या प्रमाणात शहर आणि खेडे असा फरक जवळजवळ नव्हता. दोन्हीकडे ते सुमारे १५ टक्के होते. आपल्या शेजारच्या गोव्यात तर मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होते.

आपला धोका आपणच मोजा

चेन्नई येथील संशोधकांनी सन २००५ मध्ये भारतीयांसाठी गुणांची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे ती घरच्या घरी भरता येते. कंबर बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता, श्वास सोडून मोजावी.

१) वय : ३५ वर्षांपेक्षा कमी – ० गुण, ३५ ते ४९ – २० गुण, ५० व त्यापुढे – ३० गुण.

२) कंबरेचा घेर : पुरुष ९० सें.मी. पेक्षा कमी, स्त्री ८० सें.मी. पेक्षा कमी – ० गुण. पुरुष ९० ते ९९, स्त्री ८० ते ८९ – १० गुण. पुरुष १०० व जास्त, स्त्री ९० व जास्त – २० गुण.

३) श्रम : नियमित व्यायाम आणि कष्टाचे काम दोन्ही – ० गुण, दोहोंपैकी एक – २० गुण, दोन्ही नाही – ३० गुण.

४) आनुवंशिकता : आईवडिलांपैकी कोणासही मधुमेह नाही – ० गुण, एकास – १० गुण, दोघांस – २० गुण.

एकूण गुण ६० किंवा अधिक असल्यास धोका जास्त, ३० ते ५० असल्यास मध्यम आणि ३० पेक्षा कमी असल्यास धोका कमी समजावा. शंभरपैकी आनुवंशिकतेचे गुण जास्तीत जास्त २० आहेत. कंबर आणि श्रम मिळून ५० आहेत, हे ध्यानात घ्यावे.

उदाहरणादाखल माझाच हिशेब देतो. दोन वर्षांपूर्वी वय ३६ (२० गुण), कंबर ९१ सें.मी. (१० गुण), काम व्याख्यात्याचे व व्यायाम नाही (३० गुण), वडिलांना मधुमेह (१० गुण). एकूण ७०. वजन तेव्हा ६४ किलो आणि उंची १६८ सें.मी., म्हणजे निर्देशांक २२.७. सहकारी मला 'फिट' म्हणत असत! तेव्हापासून रोज पाऊण तास चालणे आणि एक दिवसाआड जोर-उठाबशा सुरू केल्या, दुपारचा दुसऱ्यांदा घेतलेला भात बंद केला. आज वजन ६२ किलो, म्हणजे दोनच किलो उतरले, पण कंबर ८७ सें.मी. झाली. नवा हिशेब : वय २०, कंबर ०, श्रम २०, आनुवंशिकता १०, एकूण ५०. वडिलांकडून आलेले १० गुण तसेच राहिले, ते जाणार नाहीत. गेले ते माझ्या हातातले २०.

व्यवस्थापन

अ) श्रम

उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर झालेल्या व सन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांत नेहमीच्या पद्धतीने राहणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणे व आहार यांचा सल्ला पाळणाऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. विशेष म्हणजे या गटाचे वजन फारसे घटले नव्हते. म्हणजे काटा हलला नाही तरी श्रमाचा लाभ मिळतोच. कष्टाचे काम करणाऱ्यांना तेथे वेगळा व्यायाम सांगितला नव्हता, काम चालू ठेवा एवढेच सांगितले होते.

आठवड्यास किमान १५० मिनिटे दम लागेल असे काम अथवा चालणे व्हावे आणि सलग दोन दिवसांचा खंड पडू नये. पिकाप्रमाणे श्रमाचेही वेळापत्रक करावे :

१) जून ते ऑगस्ट : चिखलणी, लावणी, बेणणी ही कामे स्वतः करणाऱ्यास वेगळ्या व्यायामाची गरज नाही.

२) सप्टेंबर : शेतावर पायी जावे. बांधावरील गवत विळ्याने कापावे. पाऊस असेल त्या दिवशी पडवीत उठाबशा काढाव्यात.

३) ऑक्टोबर-नोव्हेंबर : कापणी, भारे वाहणे, झोडणी.

४) डिसेंबर ते मार्च : हा सुस्तीचा काळ. भातानंतर ओलाव्यावर वाल, हरभरा घ्यावा, परसबाग करावी. रोह्याकडे कालव्याचे पाणी मिळते तेथे उन्हाळी भाताची कामे असतातच. बाकीच्यांनी रोज अर्धा तास भराभर चालावे.

५) एप्रिल-मे : ऊन चढण्यापूर्वी बांधबंदिस्ती, शेणखत वाहणे. दुपारी काम टाळावे.

स्नायू टिकवण्यासाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा जोर, उठाबशा अथवा वजन उचलण्याचे काम करावे. जेवणानंतर लगेच आडवे होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे शतपावली करावी.

ब) आहार

भात पिकवणाऱ्याला भात सोडा असे सांगणे योग्य नाही. मात्रा मात्र ठरवावी, जशी आपण खताची ठरवतो. ताटाचा अर्धा भाग भाजी, पाव भाग वाल, कुळीथ, डाळ, अंडी अथवा मासळी आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकरी असावी. भात आणि भाकरी दोन्ही पोटभर नको. पेणचे पोहे हेही तांदळाचेच, म्हणून त्यांत मोड आलेली मटकी, वाटाणा, शेंगदाणे घालावेत व पोह्यांचे प्रमाण कमी करावे. नाचणी चांगली, पण बारीक पिठाची पातळ आंबील साखर लवकर वाढवते. नाचणी आहे म्हणून कितीही चालते असे नाही. काम थांबले त्या हंगामात ताटही लहान करावे. दिवसातून चार-पाच वेळा होणारा गोड चहा हा न दिसणारा युरियाच समजावा.

क) गर्भवती स्त्रीची काळजी

मुलांना जाते ते केवळ जनुकांतून नव्हे, आईच्या पोषणातूनही जाते. पुण्याजवळच्या त्याच सहा खेड्यांत आढळले की, ज्या गर्भवती हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे आकाराने चांगली होती. तसेच अति कष्ट करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान भरली. म्हणून घरात सून किंवा लेक गर्भवती असल्यास माठ, शेवग्याचा पाला, दूध तिच्या ताटात आधी वाढावे. लावणीचे वाकून करायचे काम आणि पाण्याचे हंडे इतरांनी उचलावेत. गरोदरपणात साखरेची तपासणी करून घ्यावी. त्या काळात साखर वाढलेल्या स्त्रीने बाळंतपणानंतरही नियमित तपासणी चालू ठेवावी.

ड) तपासणी

तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व उपकेंद्रात होते. गुण ६० वा अधिक असल्यास अथवा आईवडिलांस मधुमेह असल्यास आजच जावे. उपाशीपोटी साखर १०० पेक्षा कमी असणे चांगले, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा आणि १२६ वा अधिक म्हणजे मधुमेह. तक्रार नसल्यास निदान पक्के करण्यासाठी डॉक्टर तपासणी पुन्हा करतात. उंबरठ्यावरील माणसाला बहुधा काहीच त्रास होत नसतो, म्हणून त्रासाची वाट पाहू नये.

ज्यांना मधुमेह झालेला आहे त्यांनी

औषध आपल्या मनाने बंद करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना शेतात जाण्यापूर्वी खाऊन जावे व खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. घाम, थरथर, भोवळ वाटल्यास काम थांबवून तो लगेच खावा. चिखलात अनवाणी उतरू नये, गमबूट वापरावेत. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांसह दिव्याखाली पहावेत. बारीक जखमही दोन दिवसांत सुकली नाही तर डॉक्टरांकडे जावे. आमच्या घरी हे उशिरा कळले.

सारांश

१) बारीक अंग म्हणजे मधुमेहापासून सुटका नव्हे. वजनाबरोबर कंबर मोजावी.
२) आनुवंशिकता ही प्रवृत्ती आहे, निकाल नव्हे.
३) यंत्राने वाचवलेले श्रम चालण्याने व व्यायामाने भरून काढावेत, सलग दोन दिवस खाडा करू नये.
४) कामाच्या मानाने भाताची मात्रा ठरवावी.
५) गर्भवतीच्या आहाराकडे व विश्रांतीकडे घरातील सर्वांनी लक्ष द्यावे.
६) घरात कोणास मधुमेह असल्यास तिशीनंतर दरवर्षी रक्त तपासावे.

पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवणक्षमता पाहतो. तसेच हा अंक वाचून झाल्यावर घरातील शिंप्याची फीत काढा आणि सर्वांच्या कंबरा मोजून गुण मांडा. आमचे वडील आज नऊ बोटांनी का होईना, रोज सकाळी कालव्याच्या काठाने चालतात आणि भेटेल त्याला विचारतात, "कंबर किती रे तुझी?" आपणही आपल्या घरात तेवढे विचारावे, ही विनंती.